वडिलांचा एसेन स्कोअर ४ आला, म्हणजे पुन्हा स्ट्रोक येणारच का?

नाही, येणारच असं अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे, प्रेशर आणि शुगर दोन्ही, विडी सुटत नाही. गेल्या महिन्यात गुठळीमुळे उजवी बाजू गेली आणि डॉक्टरांनी ‘एसेन ४’ म्हटल्यापासून घरात कुणाला झोप नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोव्यात डिचोली, सत्तरी भागात घरी जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांचे व्यायाम करून घेतो. ‘परत येईल का हो?’ हे जवळजवळ प्रत्येक घरात दाराशी निरोप देताना विचारतात, तेही पेशंटला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

आधी हा ४ कुठून आला ते पाहू. गुठळीचा स्ट्रोक येऊन गेल्यावर पुन्हा झटका येण्याची जोखीम मोजणारा हा स्कोअर ९ पैकी असतो. वय ६५ ते ७५ ला १, त्यापुढे २. प्रेशर, मधुमेह, धूम्रपान, आताच्या झटक्याच्याही आधी येऊन गेलेला स्ट्रोक, हार्ट अटॅक, हृदयाचा दुसरा आजार आणि पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं, यांचा प्रत्येकी १. वडिलांचे चार म्हणजे वय, प्रेशर, शुगर, विडी. ३ किंवा जास्त आला की जोखीम जास्त धरतात, आणि ती फक्त स्ट्रोकची नव्हे, हार्ट अटॅकचीही.

पण हजारो रुग्णांच्या माहितीवरून काढलेला हा सरासरी अंदाज आहे. अशा अंदाजांची पारख करायचं एक माप असतं: ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक, १ म्हणजे अचूक. एसेन ०.६ च्या आसपास घुटमळतो. अशाने गट ओळखता येतो, तुमचे वडील नाही.

स्कोअर जे विचारतच नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: मुळात गुठळी आली कुठून? हृदयाचे ठोके अनियमित असतील (एट्रियल फिब्रिलेशन), तर रक्त पातळ करायच्या वेगळ्या गोळ्या लागतात. नेहमीची अ‍ॅस्पिरिन तिथे पुरत नाही. मानेतली रक्तवाहिनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो आणि ते लवकर केलेलं बरं. पुढच्या खेपेला ईसीजी आणि मानेच्या डॉपलरचे (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘कारण सापडलं का?’

दुसरी गोष्ट, गोळ्या चालू आहेत का. वाळपईकडच्या एका घरी मी औषधांची पिशवी पलंगावर ओतायला लावली. प्रेशरच्या गोळीची पट्टी जवळजवळ अख्खी शिल्लक. सून म्हणाली, “प्रेशर नॉर्मल आलं, म्हणून बंद केली.” अहो, नॉर्मल आलं ते त्या गोळीनेच! २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत प्रेशर उतरवणाऱ्या उपचाराने पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं होतं. घरी मशीन असेल तर रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. १३०/८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. आणि पावसाळ्यात पेजेबरोबर खारा बांगडा, पापड, तोरांचं लोणचं हे रोजचं होतं, तिथे हात आखडता घ्यावाच लागेल.

त्या चारांतलं वय बदलणार नाही. मधुमेह आणि प्रेशरचे गुण कागदावर तसेच राहतील, दोन्ही ताब्यात आले तरी. विडी मात्र आजही सुटू शकते. रागावून नको, डॉक्टरांना सांगून मदत घ्या.

धोका सुरुवातीच्या दिवसांत आणि आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणून एक गोष्ट घरातल्या लहानांनाही शिकवून ठेवा. तोंड वाकडं झालं, हातातला कप निसटला, बोलणं अडखळलं, तर दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी सकाळची वाट पाहू नका. ऑक्सफर्डच्या २००७ च्या एका अभ्यासात अशा छोट्या झटक्यांवर लगेच उपचार सुरू केल्यावर ९० दिवसांतल्या पुढच्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ वरून २.१ टक्क्यांवर आलं होतं. १०८ ला फोन करा, लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा आणि गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट घेऊन गाडीत बसा.