युवक महोत्सवातला गोंधळ आणि अंगणातला गोंधळ

सप्रेम नमस्कार,

मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, युवक महोत्सवात गोंधळ सादर करून बक्षिसं आणते आणि आता लोकगीतं, विधिनाट्य यांतूनच नाटक करायचं म्हणते. 'यात पोट भरतं का?' असं तुम्ही लातूरहून विचारलं आहे.

पहिली चार-पाच वर्षं भरत नाही. पुढेही भरतं ते तीन-चार कामं जोडून: दिग्दर्शन, शाळा-कॉलेजांतली नाट्यशिबिरं, लोककलांच्या ध्वनिमुद्रणाचे प्रकल्प आणि जमलं तर प्राध्यापकी. त्यामुळे एम.ए. टाळू नका. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग तुमच्या मराठवाड्यातलाच. पुण्याचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी हेही पर्याय आहेत. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेत नाट्यकला आणि लोकसाहित्य हे दोन वेगळे विषय आहेत, तेव्हा एम.ए.चा विषय निवडतानाच कोणत्या विषयात नेट द्यायची ते ठरवा.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. महोत्सवातला गोंधळ दहा-बारा मिनिटांत आटोपतो. घरचा गोंधळ हा कुळाचार आहे आणि तो रात्रभर चालतो. पाटावर नवं कापड, धान्याचा चौक, कलश, वर पाच उसांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव, शेजारी दिवटी, म्हणजे पेटती मशाल. मग गण म्हणजे गणेशस्तवन, गावोगावच्या देवतांना आवाहन, आख्यान आणि शेवटी आरती. स्पर्धेत यातलं आवाहन आणि संबळाचा ठेका तेवढा उरतो. नाटकवाल्याला लागणारा ऐवज मात्र आख्यानात असतो: नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा कुठे थांबवतो, साथीदार मध्येच खुळचट प्रश्न विचारून तिला कसा फाटा फोडतो, पेंगणाऱ्या मंडळींना पुन्हा कसं जागं करतो. हे स्पर्धेच्या वेळात शिकता येत नाही.

म्हणून तिने एकच प्रकार धरावा. गोंधळ, भारूड, पोवाडा, वासुदेव एका तासात बसवणं म्हणजे लोककलांची भेळ. टाळ्या मिळतात, हाती काही लागत नाही. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्याच्या कलावंतांबरोबर कित्येक दशकं राहिले, तेव्हा कुठे त्यांची रंगभाषा घडली. तुमच्याकडून तुळजापूर जवळ आहे. गोंधळ्यांचा मेळ परंपरेने पुरुषांचा, त्यामुळे तिला विधीत उभं राहता येईलच असं नाही. आख्यानं, चाली आणि संबळ मात्र त्यांच्या घरी बसून शिकता येतात. शिकवणीचे पैसे ठरवून, वेळेवर द्यावेत. 'कला जपतोय' म्हणून फुकट शिकणाऱ्यांचा त्या घरांना कंटाळा आलेला असतो.

ध्वनिमुद्रणात नेमकी एक चूक सगळे करतात: मोबाईल जमिनीवर ठेवून देतात. मोबाईल आवाजाची पातळी आपोआप बदलतो, त्यामुळे संबळाच्या प्रत्येक ठोक्याला नाईकाचे शब्द दबतात. पातळी हाताने लावता येईल असा रेकॉर्डर घ्यावा, नाईकाला वेगळा कॉलर माईक लावावा, सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावा आणि मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह (WAV) फाईलमध्ये करावं. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात गाव, तारीख आणि कलावंतांची नावं बोलावीत. नंतर गायकासमोर बसूनच संहिता उतरवावी. तासाभराच्या आख्यानाला सहज सहा-सात तास लागतात.

गाणं पारंपरिक असलं तरी सादरीकरणावर कलावंताचा हक्क असतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो 50 वर्षं राहतो. म्हणून कशासाठी वापरणार आणि मोबदला किती, याचं मराठीत लिहिलेलं संमतिपत्र आधी वाचून दाखवावं, मग सही घ्यावी.

रंगमंचावर नेताना दोन गोष्टी. बंद सभागृहात पेटती दिवटी नको. आणि देवीचं आवाहन जसंच्या तसं वाजवलं, तर प्रेक्षकांत कुणाच्या अंगात येऊ शकतं; हे होतं, आणि तिथे नाटक थांबतं. आख्यान वापरा, आवाहन वगळा. गोंधळी स्वतःही विधीबाहेर ते सगळं गायला सहसा राजी नसतात.

पैशाबद्दल: केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी आहे, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. पण आधी गुरूकडे किमान 5 वर्षं शिकलेलं असावं लागतं. आज एकविशीत सुरुवात केली तर हे गणित बसत नाही. तिचं लक्ष्य त्याच मंत्रालयाची 25 ते 40 वयोगटातली कनिष्ठ फेलोशिप असावी: दरमहा 10,000 रुपये, दोन वर्षं. त्यासाठी शिकल्याच्या तारखा, गुरूंचं पत्र आणि मुद्रणांची यादी आजपासूनच एका फाईलला लावा.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि गोंधळ सुरू होतील. पहिले तीन गोंधळ तिने रेकॉर्डर न नेता, आरतीपर्यंत बसून ऐकावेत. परतायला पहाट होते. सोबत कोण जाणार, तेवढं तुम्ही ठरवा.