साडेतीन वर्षांचा मुलगा अंगणवाडीत कोणात मिसळत नाही, तपासणी कुठे करावी?

तुम्ही लिहिलंय की पोरगा कोपऱ्यात एकटाच बसतो, अजून बोलत नाही आणि सासूबाई म्हणतात, "त्याचा बापही उशिराच बोलला." असेल. पण त्या भरवशावर वर्ष घालवू नका. मी यवतमाळकडे अंगणवाडी सेविका आहे, अशी लेकरं पाहिली आहेत.

हे नुसतं लाजणं आहे की स्वमग्नता (ऑटिझम), हे आधी बघावं लागतं. लाजरं पोरगं पदराआडून का होईना, बघतं. मी दारातून जाणाऱ्या बंडीकडे बोट दाखवते. बहुतेक लेकरं बंडी बघतात, मग माझ्याकडे बघून हसतात. एक पोरगा ना बंडीकडे बघे, ना माझ्याकडे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी उलटा करून तासभर चाकच फिरवत बसे. नावानं हाक मारली तरी वळत नसे. तुमचा वळतो का? नसेल तर आधी कान तपासून घ्या, ऐकू न येणारं लेकरूही असंच वागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक (लेकरांची तपासणी करणारं सरकारी पथक) वर्षातून 2 वेळा अंगणवाडीत येतं. शंका वाटली की ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथं तपासणी आणि थेरपी मोफत होते. पथक येऊन गेलं असेल तर थांबू नका, आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट जा. पथकाकडे प्रत्येक पोरासाठी वेळ थोडाच असतो, म्हणून आपली शंका स्वतःहून सांगा.

जाताना मोबाईलवर त्याच्या खेळण्याचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात पोरगं नुसतं रडतं, डॉक्टरला काय दिसणार?