लेखन शिकवणारा प्राध्यापक जंगल वाचवायला काय करणार?

बरंच काही. वॉलेस स्टेग्नर यांचंच घ्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातला सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. तिथल्याच एको पार्क नावाच्या संरक्षित दरीत धरण होणार होतं, तेव्हा त्यांनी त्या परिसरावर लेख-छायाचित्रांचं पुस्तक संपादित केलं. १९५५ साली ते काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) सदस्यांच्या हाती पडलं आणि धरण बारगळलं. (एकट्या पुस्तकाने नव्हे, सिएरा क्लबसारख्या पर्यावरणवादी संस्थांचा रेटा होताच. शिवाय ग्लेन कॅन्यन ही दुसरी दरी मात्र धरणात बुडालीच.)

मला त्याहून भारी वाटतं ते त्यांचं १९६० चं पत्र. आपण रानात कधी पाऊल टाकलं नाही, तरी ते तिथे आहे एवढ्यानेच मनाला आधार मिळतो, हा त्यातला मुद्दा. रानं जशीच्या तशी राखणाऱ्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याच्या बाजूने ते पत्र खूप वापरलं गेलं. निसर्गावर लिहिणारे एडवर्ड ॲबी, वेंडेल बेरी हे लेखक त्यांचेच विद्यार्थी.