रेषा बदलली, आपण कुठे? मतदारसंघ पुनर्रचनेवर इंदूरच्या वाचकांची प्रश्नोत्तरे

मध्य प्रदेशातले सध्याचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून, म्हणजे जनगणनेवरून सीमा नव्याने आखण्यातून, आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांवर पहिली विधानसभा निवडणूक झाली. तरीही या रेषांबद्दल प्रश्न येतच असतात. त्यांतले काही निवडक.

प्रश्न : आम्ही महूला राहतो. जिल्हा इंदूर, कलेक्टर इंदूरचे, मग खासदार धारचा कसा?

लोकसभेच्या जागा २९, विधानसभेच्या २३०. म्हणजे एका खासदाराखाली साधारण आठ आमदार. कायद्याची अट अशी की विधानसभेचा मतदारसंघ अख्खाच्या अख्खा एकाच लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे, तो मधून कापता येत नाही. धार जिल्ह्यात विधानसभेच्या जागा सात : सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार आणि बदनावर. इंदूर जिल्ह्यात नऊ. एक इकडून तिकडे गेली की दोन्हीकडे आठ-आठ होतात. धारला लागून असलेला महू त्यात गेला. धारची लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, त्यामुळे महूचा मतदार विधानसभेला सर्वसाधारण जागेसाठी आणि लोकसभेला राखीव जागेसाठी मत देतो.

प्रश्न : राऊ हा मतदारसंघ आधी नव्हता. तो आमच्या वाट्याला कोणत्या हिशोबाने आला?

जनगणनेच्या. २००१ साली राज्याची लोकसंख्या ६,०३,४८,०२३ होती. तिला २३० ने भागले की एका जागेमागे सुमारे २ लाख ६२ हजार माणसे येतात. इंदूर जिल्ह्यात तेव्हा २४,६५,८२७ लोक होते, भागाकार ९.४ च्या आसपास, म्हणून नऊ जागा. त्याआधी आठ होत्या. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालवून घेतात, म्हणजे साधारण २ लाख ३६ हजार ते २ लाख ८९ हजार.

यात मोजतात ती माणसे, मतदार नव्हेत. पाळण्यातले मूलही हिशोबात धरले जाते. मतदारांच्या संख्येवरून ‘आमच्यावर अन्याय झाला’ असा अर्ज करणारे बहुतेक इथेच चुकतात. आता २०११ चे आकडे घ्या : राज्य ७,२६,२६,८०९, इंदूर जिल्हा ३२,७६,६९७. तोच भागाकार १०.४ वर जातो. म्हणजे २००१ च्या आकड्यांवर आखलेल्या रेषांमध्ये इंदूर जिल्ह्याची एक जागा कमी पडते आहे, आणि शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींचा भार आजूबाजूच्या मतदारसंघांवर पडतो. हा प्रश्न खरा आहे आणि इंदूरकरांनी तो ठासून मांडायला हवा.

प्रश्न : रेषा चुकीची वाटली तर कोर्टात जाता येते का?

कोर्टावर विसंबू नका. हरकतीची मुदत गाठा. रेषा आखणाऱ्या पुनर्रचना आयोगात तिघे असतात : सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, केंद्रीय निवडणूक आयोगाचा एक सदस्य आणि राज्याचे निवडणूक आयुक्त. २००२ च्या कायद्याखालच्या आयोगाचे अध्यक्ष न्या. कुलदीप सिंग होते. पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. आयोग आधी मसुदा राजपत्रात छापतो, हरकतींसाठी तारीख देतो, मग जाहीर बैठका घेतो. हरकत लिहिताना ‘गैरसोय होते’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता वॉर्ड किंवा कोणता पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावे) इकडून तिकडे हवा, त्याची जनगणनेतली लोकसंख्या किती, आणि बदलानंतर दोन्ही मतदारसंघ दहा टक्क्यांत बसतात का, हे मांडा. एका बाजूचा आकडा देऊन दुसरी बाजू मोकळी सोडली की हरकत तिथेच पडते.

अंतिम आदेश छापून आला की त्याला कायद्याचे बळ येते आणि कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. साठच्या दशकात आपल्या शेजारचीच उज्जैनची लोकसभेची जागा राखीव झाली, त्यावरचे मेघराज कोठारी यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने फेटाळले. जुलै २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या खटल्यात न्यायालयाने उघड मनमानी असेल तर दखल घेता येईल, असे म्हटले. दार किलकिले झाले, एवढेच.

प्रश्न : अपक्ष उभे राहायचे आहे. पुनर्रचनेनंतर अर्ज बाद होऊ नये म्हणून काय बघावे?

सूचक, म्हणजे अर्जावर तुमचे नाव सुचवून सही करणारे मतदार. अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. जुन्या ओळखीतली माणसे नव्या रेषेपलीकडे गेलेली असतात. एकाचे जरी नाव शेजारच्या यादीत निघाले तरी छाननीत अर्ज जातो. यादीतला क्रमांक चुकला तर ती कारकुनी चूक ठरते, ती चालते. सूचकच दुसऱ्या मतदारसंघाचा असेल तर ते सुधारता येत नाही. त्यामुळे ताज्या यादीवर एकेक नाव बोट ठेवून तपासा. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. तुमचे स्वतःचे नाव राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघात असले तरी चालते, पण त्या यादीची प्रमाणित प्रत छाननीपर्यंत द्यावी लागते. विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला खिडकी बंद.

प्रश्न : मतदारसंघ बदलला, घर तेच. नवा अर्ज भरावा लागतो का?

नाही. याद्या कार्यालयच नव्याने लावते. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो; यादीचा भाग, अनुक्रमांक आणि बूथ बदलू शकतात. १९५० या मतदार हेल्पलाइनवर विचारून घ्या. घर बदलले असेल तरच अर्ज क्रमांक ८.

प्रश्न : २००३ आणि २००८ च्या निकालांची तुलना कशी करावी?

राज्याची बेरीज तुलनेला चालते, कारण जागा २३० च राहिल्या : भाजप १७३ वरून १४३, काँग्रेस ३८ वरून ७१. ‘इंदूर तीन’शी ‘इंदूर तीन’ मात्र लावू नका. नाव तेच असले तरी आतला भाग तोच असेल असे नाही. जुन्या निवडणुकीचा नमुना २० (निकालाचा अंतिम तक्ता) काढा, त्यात बूथवार मते असतात. प्रत्येक बूथ नव्या कोणत्या मतदारसंघात गेले ते लावून बेरीज करा. दोन ठिकाणी हिशोब अडतो : टपाली मते बूथवार नसतात, आणि काही बूथ मधूनच फुटलेले असतात. टपाली मते वेगळी ठेवा, फुटलेल्या बूथची मते लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, आणि आकड्याशेजारी ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहा.