माळवदाखाली गेलेल्या लेकराचं पाप कोणतं?

प्रश्न : आमचं मूळ गाव किल्लारीजवळचं. १९९३च्या भूकंपात सासूबाईंची चार वर्षांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, गेली. तिचा एक फोटोही उरलेला नाही. तरी सासूबाई दर अनंत चतुर्दशीला गणपतीला मोदकांचा नैवेद्य करतात. यंदा पंगतीत एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, "मागच्या जन्मीचं काही देणं राहिलं असेल. देव उगाच कुणाचं वाईट करत नाही." सासूबाई उठून आत गेल्या. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती तेव्हापासून विचारते, "देवाला भूकंप थांबवता येत नव्हता, की थांबवायचा नव्हता? येत नव्हता तर तो देव कसला? थांबवायचा नव्हता तर त्याला मोदक कशाला?" मला उत्तर सुचत नाही. जगात इतकं वाईट असताना देव मानता येतो का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, मुलीच्या प्रश्नाकडे येतोच. पण आधी त्या नातेवाइकांच्या वाक्याचं बघू, कारण घरात जखम त्या वाक्यानं झाली आहे.

ते वाक्य त्यांनी स्वतःच्या मनानं रचलेलं नाही. त्यामागे फार जुना आणि गंभीर विचार आहे. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा एक मूळ ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादातलं ३४वं सूत्र 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्' असं सुरू होतं. देवानं जग केलं असेल, तर कुणाला सुख आणि कुणाला दुःख देणारा तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, हा तिथला आक्षेप. म्हणजे तुमच्या मुलीनं काही पाखंड केलेलं नाही. हाच आक्षेप सूत्रकारांनी स्वतःहून समोर घेतला होता. त्यावर उत्तर असं, की देव प्रत्येकाचं कर्म बघून फळ देतो. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला दिला आहे : पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात आणि जव वेगवेगळे उगवतात ते बियाण्यामुळे. मग सगळ्यात पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं? पुढचंच सूत्र सांगतं, संसाराला, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याला, सुरुवातच नाही.

युक्तिवाद म्हणून यात खोट काढणं सोपं नाही. पण तो रचला गेला देवावरचा आरोप काढण्यासाठी, आणि पंगतीत तो वापरला गेला चार वर्षांच्या पोरीवर आरोप ठेवण्यासाठी. कर्माचा सिद्धांत मानणाऱ्यालाही अमक्या मुलीच्या अमक्या जन्मीचं कर्म दिसत नाही. जे दिसत नाही ते तिच्या आईसमोर ठामपणे सांगायचं, हे मला अधर्माचं वाटतं. मी वारकरी घरातला आहे, माळ घालतो, आणि माळ घालूनच हे लिहितो आहे.

त्या दिवसांत मी उमरगा तालुक्यात एका शाळेत मराठी शिकवत होतो. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं. मिरवणुकीत थकलेली माणसं गाढ झोपेत असताना ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आम्ही काही शिक्षक आणि पालक सास्तूरच्या बाजूला मदतीला गेलो. पहारी होत्या, टोपली होती. माती उपसावी तेवढी थोडी. वर पाऊस. चितेची लाकडं भिजून गेली होती. अशा वेळी एका चांगल्या, देवभोळ्या माणसानं मला सांगितलं, पाप फार वाढलं होतं, म्हणून हे झालं. समोर ओळीनं झाकून ठेवलेली प्रेतं होती, आणि त्यांत पाळण्यातली लेकरं होती.

खरं कारण पाप नव्हतं. भूकंपाची तीव्रता ६.२च्या आसपास होती. जगात याहून मोठे धक्के बसतात आणि फारशी माणसं मरत नाहीत. इथे आठ-दहा हजार माणसं गेली, कारण धक्क्याचं केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं, आणि आपली घरं दगड-मातीची होती. दोन-दोन हात रुंद भिंती, सांध्यात नुसती माती, वर लाकडी खणांवर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात ते घर गार राही, म्हणूनच पिढ्यान् पिढ्या तसं बांधलं जाई. भिंतीचे दगड सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. १९९२च्या ऑक्टोबरपासून किल्लारीला लहान धक्के जाणवत होते, तरी दख्खनचा हा खडक स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, असाच समज होता.

यातलं किती देवाचं, किती माणसाचं? तुमची मुलगी इंजिनिअर होणार आहे, तिला हे वेगळं करता येईल. जमिनीखालचा ताण हा पृथ्वीचा स्वभाव आहे. भिंत मजबूत करणं मात्र माणसाच्या हातात होतं, आणि नंतर पुनर्वसनातली घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली गेलीच. तरी मी त्या घरमालकांना दोषी म्हणणार नाही. ज्याला सिमेंट परवडत नव्हतं आणि धोक्याची कल्पनाही दिली गेली नव्हती, त्याचा यात काय गुन्हा? दंगलीत, खुनात, हुंडाबळीत माणसाच्या इच्छास्वातंत्र्याकडे बोट दाखवता येतं. देवानं माणसाला निवड दिली आणि त्यानं वाईट निवडलं, असं म्हणता येतं. किल्लारीत ते उत्तर पुरत नाही. तिथे प्रश्न उघडाच राहतो.

१५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला : भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात. गांधीजींचा हेतू मला वंदनीय आहे, पण या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यांची घरंही होतीच.

आणि आता चोखोबांचं सांगतो. तुमच्या सासूबाईंना माहीत असेल. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांबरोबर चोखामेळा गेले. साल १३३८ सांगतात. एवढा मोठा भक्त, आणि देवानं भिंत धरली नाही. परंपरा असं सांगते की नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं त्या ओळखून पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. चोखोबांचं मागच्या जन्मीचं काय राहिलं होतं, याची चौकशी नामदेवांनी केल्याचं मी कुठल्याही कीर्तनात ऐकलेलं नाही. ढिगारा उपसला, आपलं माणूस उचललं, देवाच्या दारात नेऊन ठेवलं.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच विचारतो : 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचें चित्ता ॥' देवाची लाज काढणारा हा अभंग वारकऱ्यांनी जपला, फाडून टाकला नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. देवावर विश्वास असलेलाच माणूस त्याला असा जाब विचारतो. नसलेल्याशी कोण भांडेल?

आता मुलीचा पेच. देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे, आणि निरपराध लेकरं मरतात, ही तिन्ही वाक्यं तिला एकत्र बसवता येत नाहीत. मलाही येत नाहीत. तिसरं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ते सोडता येणार नाही. दुसरं सोडलं तर ज्याला हात जोडावेत असा देवच उरत नाही. मी पहिलं सैल केलं. प्रत्येक धक्का, प्रत्येक रोग आपल्या हातानं सोडणारा आणि आवरणारा असा देव मी मानत नाही. मी मानतो तो देव त्या पहाटे ढिगाऱ्याखालच्यांचा होता, आणि त्यानं हात का दिला नाही हे मी आजही त्याला विचारतो. पंडितांना हे कच्चं वाटेल. वाटू दे. मेलेल्या लेकराला दोषी ठरवून मिळणाऱ्या पक्क्या उत्तरापेक्षा हे मला परवडतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे : वाईट आहे हे पूर्ण मान्य करून देव मानता येतो. पण तो मानलाच पाहिजे असं मुलीवर लादू नका. तिनं नैवेद्याला हात जोडले नाहीत तरी चालेल. आजीला मात्र तिनं एकदा विचारावं, आत्याला काय म्हणून हाक मारायचीस, ती कशी होती. मोदक कशासाठी, हेही आजीलाच विचारावं. ते मी किंवा तुम्ही परस्पर ठरवू नये.

आणि ते नातेवाईक पुन्हा जेवायला येतील तेव्हा मागच्या जन्माचा विषय निघाला, तर उत्तर देण्याची पाळी सासूबाईंवर येऊ देऊ नका. वयाचा मान ठेवून, पण तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर तुम्ही सांगा : काका, आमच्या पोरीचं काही देणं नव्हतं.