पॉप म्युझिक व्हिडिओमधली स्टाइल, कपडे आणि प्रेक्षकांना वाटणारं आकर्षण यावर असाइनमेंट लिहायचीये, सुरुवात कुठून करू?

हीच असाइनमेंट मी पण केलीये, पुण्यात मास कॉमला असताना. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं, "कपडे खूप आकर्षक आहेत". मॅडमनी "आकर्षक"ला गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, "कोणाला?" आता मी शूटवर ड्रेपरी, म्हणजे कलाकारांचे कपडे, बघते आणि अजूनही तोच प्रश्न आधी मनात येतो, त्यामुळे तू पण तिथूनच सुरू कर.

आधी व्हिडिओ म्यूट करून बघ. गाणं चालू असलं की आपण ठेक्यात वाहून जातो आणि कपडे नीट बघतच नाही. कपडे बदलले की पॉज कर आणि वेळ, रंग, मागचं बॅकग्राउंड, आजूबाजूच्यांनी काय घातलंय एवढं वहीत लिही, कारण नुसता ड्रेस बघून काही कळत नाही, तो कशासमोर उभा आहे त्यावर सगळं असतं.

मायकल जॅक्सनचं थ्रिलर घे. 1983 चा, जवळपास 14 मिनिटांचा व्हिडिओ. रात्र, धुकं, झॉम्बींचे फाटके मळकट कपडे, आणि मधोमध तो लालभडक जॅकेटमध्ये. सगळे एकच स्टेप करत असताना सुद्धा नजर बरोबर त्याच्यावरच जाते. जॅकेटवरचे ते काळे पट्टे खांद्यापासून खाली येतात ना, त्याने खांदे रुंद आणि कंबर बारीक दिसते, बारीक अंगाच्या माणसाला एकदम वजन येतं. हे डेबोरा लँडिसचं डिझाइन, दिग्दर्शक जॉन लँडिसची बायको.

दुसरी गोष्ट म्हणजे कपड्यातून दिलेली आठवण. मॅडोनाच्या 1985 च्या मटेरियल गर्लमधला गुलाबी गाऊन आणि लांब हातमोजे थेट मेरिलिन मन्रोच्या 1953 च्या सिनेमातून घेतलेत. ज्यांना मन्रो माहितीये ते वेगळं बघतात, ज्यांना नाही त्यांना नुसती झगमग दिसते. प्रेक्षक एक नसतोच, हे इथे नीट मांड.

पण मला विचारशील तर खरी मजा आपल्याकडच्या उदाहरणात आहे. संजू राठोडचं 2024 चं गुलाबी साडी. गाण्यातली मुलगी साडी नेसून आपला फोटो काढायला सांगते, म्हणजे कपडा, कॅमेरा आणि नटण्याची हौस तिन्ही गाण्यातच आलं. आणि गुलाबी साडी कोणाकडे नसते? माझ्या मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला सोसायटीतल्या पाच-सहा जणी, त्यात एक साठीच्या काकू, आपापल्या गुलाबी साड्या नेसून जिन्यात उभ्या राहिल्या आणि रील केलं. कोणाची पैठणी, कोणाची साधी जॉर्जेट, कानातले तुळशीबागेतले. थ्रिलरचं जॅकेट बघायचं आणि आपल्याला हवंसं वाटायचं, ही साडी आधीच कपाटात आहे. दोन्ही आकर्षणच, पण जात वेगळी, आणि हा फरक पकडलास तर असाइनमेंट उठेल.

एक सांगते, प्रत्येक रंगात अर्थ शोधू नको. एका शूटला आम्ही बारीक चौकडीचा शर्ट नेला होता, छान दिसत होता, पण मॉनिटरवर ती चौकडी लाटांसारखी हलायला लागली. याला मॉइरे म्हणतात, बारीक रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचं जमत नाही. भर उन्हात लक्ष्मी रोडला जाऊन प्लेन निळा शर्ट आणला. आता कोणी त्या निळ्यावर "एकाकीपणाचं प्रतीक" असं पान लिहिलं तर काय करणार.

थिअरी लागणारच, तर म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविन वापर, त्याने 1992 मध्ये मांडलंय की व्हिडिओ शब्दांशी आणि संगीताशी नातं ठेवतो, आणि गायकाचे क्लोजअप, त्याची ठरलेली स्टाइल पुन्हा पुन्हा दाखवून स्टार तयार होतो. पण हे निरीक्षणानंतर जोड, आधी नको.

आणि घरातल्या वेगवेगळ्या वयाच्या तीन-चार जणांना व्हिडिओ दाखव, दुसऱ्या दिवशी विचार काय लक्षात राहिलं. माझ्या आईला झॉम्बी आठवत नव्हते, जॅकेट आठवत होतं, वर "त्याला अस्तर असेल का गं" असं पण विचारलं. ती शिवणकाम करते. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात लिही, वय आणि काम काय करतात ते पण टाक शेजारी.