पाटल्या गहाण ठेवून कार लोनची पत्रं वाटायची का?

दादा, तुमचा मेसेज आणि पत्राच्या नमुन्याचा फोटो, दोन्ही बघितलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ह्यांचा सांगलीत जुन्या गाड्यांचा धंदा आहे, पाडव्याआधी मिरज, कुपवाड, तासगाव भागात ८,००० घरी पोस्टानं कार लोनची पत्रं पाठवायचीयत, छपाई-पाकीट-पोस्टेज धरून एक पत्र ११ रुपयाला पडतंय म्हणजे ८८,००० खर्च, आणि ते पैसे वहिनींच्या पाटल्यांवर सोनेतारण काढून घालायचे का असा प्रश्न आहे.

पाटल्या नको. पत्रं पाठवा, पण कमी पाठवा आणि हे असलं पत्र तर अजिबात पाठवू नका.

हिशोब बघा. तुम्हीच लिहिलंय की गाडीमागं सगळं जाऊन १५,००० सुटतात, मग निव्वळ पत्रांचा खर्च निघायला सहा गाड्या विकायला लागतील, वर सोनेतारणाचं व्याज चालूच. सहा गाड्या जातीलही, अशक्य नाही. पण मला भीती वाटते ती त्या पत्रात काय छापलंय त्याची.

वर ठळक 'अभिनंदन! आपले ५ लाखांचे कार लोन मंजूर', त्यावर लाल शिक्का 'अंतिम सूचना', खाली 'व्याज फक्त ७%' आणि पुढं एक स्टार. त्या स्टारची तळटीप शोधायला मला फोटो झूम करायला लागला, आणि सापडली ती इंग्रजीत! आता मला सांगा, लोन मंजूर केलं कुणी? बँकेनं त्या माणसाचा सिबिलसुद्धा बघितलेला नाही. तो तासगावहून आशेनं येणार आणि तुम्ही त्याला सांगणार की बँक नाही म्हणाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतात ती हीच, त्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि जाहिरात बंद करायचा आदेशही निघू शकतो. ह्याच कायद्याखालच्या २०२२ च्या जाहिरातींच्या गाइडलाइन्समध्ये तर स्पष्टच आहे की दावा ज्या भाषेत आणि ज्या फाँटमध्ये, तळटीपही त्यातच पाहिजे. आणि गिऱ्हाईक भडकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही, म्हणजे तुमच्या बहुतेक गाड्या त्यातच आल्या.

आता ते ७%. मी आकडे मांडून बघितले. ५ लाख, पाच वर्षं, ७% फ्लॅट (हप्ते फेडत गेलं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच), म्हणजे व्याज १,७५,००० आणि हप्ता ११,२५०. हाच हप्ता रिड्यूसिंगनं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, काढला तर दर साधारण साडेबारा टक्के निघतो, आणि प्रोसेसिंग फी धरली की अजून वर. पूर्वी हे खपून जायचं. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून आरबीआयच्या नियमानं बँकेला आणि फायनान्स कंपनीला रिटेल लोनच्या गिऱ्हाइकाला केएफएस, म्हणजे लोनच्या मुख्य अटींचा कागद, द्यावाच लागतो, त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर छापलेला असतो. तुमच्या पत्रात ७ आणि बँकेच्या कागदावर साडेबाराच्या वर, दोन्ही कागद त्याच्याच हातात, पुरावा गोळा करायला त्याला कुठं जायला नको. कुणी 'झिरो टक्के' छापा म्हणून सुचवलं तर तेही नको, आरबीआयनं २०१३ मध्येच बँकांना असल्या स्कीमबद्दल ताकीद दिलेली आहे.

(हे दुखणं आपल्याकडंच आहे असं नाही बरं का, करोनात अमेरिकेत एका मार्केटिंग कंपनीनं सरकारी मदतीसारखी दिसणारी पत्रं पाठवून गाड्यांच्या सेलला माणसं बोलावली, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२० मध्ये तिला कोर्टात खेचलं.)

ती 'ओळखीतून फुकट मिळणारी' गाडीमालकांच्या नावा-नंबरांची यादी पण सोडून द्या. त्या लोकांनी तुम्हाला परवानगी दिलेली नाही, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे. त्यापेक्षा पोस्टात डायरेक्ट पोस्टची चौकशी करा, त्यात नाव-पत्ता लिहायचा नसतो, ठरवलेल्या भागात पोस्टमनच वाटतो. नावच नाही म्हटल्यावर 'आपले लोन मंजूर' लिहायचा मोहही होणार नाही.

मी असतो तर २,००० पत्रं काढली असती, २२,००० गल्ल्यातून. त्यात एक खरी गाडी, तिची किंमत, डाऊन पेमेंट, हप्ता किती आणि किती महिने, रिड्यूसिंग दर, प्रोसेसिंग फी, आणि 'लोन देणं-न देणं बँकेच्या हातात' हे त्याच मोठ्या अक्षरात मराठीत. ती गाडी खरंच यार्डात उभी पाहिजे, नसलेल्या गाडीचं आमिष दाखवलं तर तेही नियमात अडकतं. तासगावकडं द्राक्षाचे पैसे हातात आले की मग टाका, पाडव्याचा मुहूर्त थोडा चुकला तरी चालेल. बँकेचं नाव किंवा लोगो टाकायचा असेल तर आधी मजकूर दाखवून लेखी होकार घ्या, मॅनेजर फोनवर 'टाका हो' म्हणाला ते धरू नका.

आणि आरटीओचं डीलर ऑथोरायझेशन आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं. नसेल तर प्रेसवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी ते करून घ्या.